काकांच्या वाफ्यावरची ढकलगाडी

एक चाक, दोन दांडे, दोन पाय आणि मधे एक खोलगट पत्रा. मित्रांनो, एवढ्या भांडवलावर जी अजून कशीबशी उभी आहे, ती जुनी ढकलगाडी म्हणजे मी. चाक एकच असल्यामुळे गाड्या मला आपल्यात घेत नाहीत आणि पाय दोनच असल्यामुळे जनावरंही घेत नाहीत. त्यामुळे मी माणसांत राहिले. तिथे फारशा अटी नसतात.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. पत्रा जुन्या पाण्याच्या टाकीचा, दांडे कुठल्याशा शाळेच्या मोडक्या बाकांचे आणि चाक तेवढं नवं. माझ्यात जे नवं होतं तेच सगळ्यांत आधी निकामी झालं, हे जाता जाता सांगून ठेवते. वेल्डरने काम संपवून चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." ही मला मिळालेली पहिली शाबासकी. दुसरीसाठी बरीच वर्षं थांबावं लागलं.

पहिली नोकरी एका इमारतीच्या बांधकामावर. वाळू, विटा, खडी आणि ओलं सिमेंट. संध्याकाळी कामगार हातपाय धुऊन घरी जात. मला धुवायचं कोणाच्या लक्षात येत नसे, त्यामुळे सिमेंट माझ्या पोटातच वाळत गेलं. इमारत उभी राहिली, फीत कापली गेली, फोटो निघाला. फोटोआधी कोणीतरी "ती गाडी जरा बाजूला घ्या" म्हणालं. ज्याने घेतलं त्याने जरा जास्तच बाजूला घेतलं. इमारतीमागच्या पडीक जागेत, काचा आणि काटेरी झुडपं यांच्यामध्ये मी उपडी पडून राहिले.

तिथून मला काढलं रेडिओकाकांनी. इमारतीच्या तळमजल्यावर ते राहत आणि पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं, पण काकांनी दुरुस्ती सोडली नाही. एका दुपारी त्यांनी मला उलटं केलं, चाक फिरवून पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं, पंक्चर आहे फक्त."

"असू दे," काकू खिडकीतून म्हणाल्या. "घरात आणायची नाही."

काकांनी छिन्नी आणली आणि माझ्या पोटातलं सिमेंट तासून काढलं. मग मला ठेवायला जागा हवी म्हणून झुडपं तोडली. काचा वेचल्या. रिकामी झालेली जमीन नुसती कशी ठेवायची म्हणून खणली. थोडक्यात, ती बाग माझ्यामुळे झाली. हे माझं म्हणणं आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

हळूहळू माणसं जमली. दर रविवारी इमारतीतले आणि आजूबाजूचे लोक आपापली फावडी घेऊन येत. कोणाला पगार नव्हता, त्यामुळे प्रत्येकजण मालकासारखा वागत असे. बसचा कंडक्टर यायचा, तो मला ढकलायचा आणि निघताना दोनदा शिटी मारायचा. दाताच्या डॉक्टरबाई यायच्या. त्या गवताचं मूळ असं उपटत की बघणाऱ्याने गाल धरावा. प्रत्येकाचा एक वाफा ठरलेला होता.

थंडी सरत आली, जमीन सैल पडायला लागली की बागेत वर्षातलं सर्वांत मोठं काम निघे. कुजलेला पाला काढायचा, गुलाब छाटायचे, खत चाळायचं आणि वाफे खणायचे. त्यासाठी काकांनी एक नियम घालून दिला होता. आपला वाफा आपण खणायचा नाही. एका वर्षी उजवीकडच्याचा खणायचा, दुसऱ्या वर्षी डावीकडच्याचा.

"स्वतःच्या जमिनीशी माणूस फार लाडाने वागतो," काका म्हणायचे. "दगड लागला तरी म्हणतो, राहू दे, लहान आहे. परका खणतो तेव्हा खरं खणतो."

या नियमाला एकच अपवाद होता आणि तो खुद्द काकांच्या वाफ्यात होता. तिथे एक झाड होतं. त्याचं पुस्तकातलं नाव कोणालाच नीट उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला 'काकांची लाल' म्हणत. थंडीत ते जमिनीवर शिल्लकच राहत नसे. खाली जाड मुळं असत आणि थंडी ओसरली की त्यातून बोटाएवढे लाल कोंब वर येत. पुढे ऊन तापायच्या आधी ओंजळीएवढी गडद लाल फुलं फुलत. या मुळांना हलवलेलं खपत नसे. एकदा धक्का लागला की दोन-तीन वर्षं फूल नाही. म्हणून खणायच्या दिवशी काकू चार काटक्यांना जुन्या चादरीच्या चिंध्या बांधून वाफ्यात रोवत आणि स्वतः शेजारी उभ्या राहत. काटक्या नसत्या तरी चाललं असतं. काकूंना ओलांडून फावडं मारणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

ते मूळ काकूंनी लग्नात माहेराहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. पहिलं फूल उमललं की काका दर वर्षी म्हणत, "आलं तुझं माहेर."

"मग चहा विचारा त्यांना," काकू म्हणत.

विनोद साधाच होता. पण संसारात विनोद जुना झाला म्हणून टाकून देत नाहीत.

मग काकांचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी स्क्रू कुठे ठेवला ते आठवेना, मग रेडिओ कोणाचा ते आठवेना, मग मुलीचं नाव. पुढे एक झटका आला आणि पायही गेले. चाकांची खुर्ची बागेतल्या चिखलात रुतायची, म्हणून कंडक्टरने माझ्यात गोधडी अंथरली आणि काकांना माझ्यात बसवून वाफ्यापर्यंत नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सपेक्षा बरी आहे ही." ही माझी दुसरी शाबासकी.

त्या वर्षी काका मुलीला 'ताई' म्हणत होते आणि काकूंना 'बाई, जरा पाणी देता का' म्हणत होते. पण माझ्यातून वाकून त्यांनी ते लाल फूल पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग काकूंकडे वळून म्हणाले, "आलं तुझं माहेर."

काकूंनी चहाचं वाक्य म्हटलं. अर्धंच म्हटलं. 

परत जाताना त्या कंडक्टरला म्हणाल्या, "वर्षातून एकदा ओळखतात. मला पुरे."

मित्रांनो, नंतरचं सगळं वर्ष त्या बाईने या एका वाक्यावर काढलं. पुढच्या फुलाची वाट बघत.

पुढची थंडी सरली ती काकांच्या छातीत कफ भरूनच. त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. काकू खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या आणि बागेत नेमके खणायचे रविवार आले.

आता साहेबांविषयी सांगायला हवं. साहेब कचेरीतून निवृत्त होऊन आदल्याच वर्षी, लाल फुलं सरून गेल्यावर, बागेत आले होते आणि त्यांना काकांच्या डावीकडचा वाफा मिळाला होता. बागेच्या मंडळाचा अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं आणि साहेबांना दुसरं काही व्हायची सवय नव्हती. तेव्हा ते अध्यक्ष झाले.

पहिल्या रविवारी त्यांनी साफसफाई काढली. "वसंत दाराशी येऊन उभा आहे आणि आपली बाग बघा. सुतक असल्यासारखी. जे जे सुकलेलं आहे ते सगळं बाहेर." सुकलेलं सगळं बाहेर आलं. त्यात आदल्या वर्षीच्या, चिंध्या गळून गेलेल्या चार काटक्याही होत्या. जाळायला बऱ्या होत्या. जळल्या.

दुसऱ्या रविवारी खणायचं होतं. ते वर्ष उजवीकडचं, म्हणजे काकांचा वाफा साहेबांकडे.

"काकू बिचाऱ्या तिकडे अडकल्यात," साहेब म्हणाले. "परत येतील तेव्हा वाफा तयार दिसला पाहिजे. तेवढाच त्यांना आधार."

त्यांनी स्वेटर काढला, बाह्या दुमडल्या आणि खणलं. हाताला फोड आले तरी थांबले नाहीत. त्या दिवशी बागेत त्यांच्याइतकं मन लावून कोणी खणलं नाही. बाकीच्यांसारखं वरवर खणलं असतं तर बरं झालं असतं.

कंडक्टर त्या दिवशी ड्यूटी संपवून उशिरा आला. तोवर मी काठोकाठ भरलेली होते. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं. "साहेब, ही कसली मुळं? चांगली मनगटाएवढी आहेत."

"मेलेली आहेत. वर काही होतं का? काही नव्हतं."

"हा काकांचा वाफा ना? एकदा काकूंना फोन करू का?"

"कर की," साहेब म्हणाले. "तिकडे नवऱ्याला ऑक्सिजन लावलाय आणि तू फोन करून मुळांचं विचार. कर."

कंडक्टरने फोन परत खिशात ठेवला. हे खरोखरच विचित्र दिसलं असतं. जगात बरीच नुकसानं होतात ती विचारणं विचित्र दिसेल म्हणून. त्याने माझे दांडे उचलले. त्या दिवशी शिटी मात्र मारली नाही. खतखड्ड्याशी नेऊन त्याने मला उपडं केलं.

खणायच्या दिवशी न आलेल्या डॉक्टरबाई पुढच्या रविवारी काकांच्या वाफ्यापाशी थांबल्या. "लाल कोंब कुठेत? एव्हाना यायला हवे होते."

कंडक्टरने खतखड्ड्याकडे बोट दाखवलं. त्या तडक खड्ड्यापाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि पाला उपसायला लागल्या. मुळं सापडली. फावड्याने तुकडे झालेली, काही मऊ पडायला लागलेली. एका तुकड्याला लाल कोंब होता, वाळून काळपट झालेला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"बसेल का परत?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कचेरीतला नव्हता.

"लावून बघू. पण यंदा फूल विसरा."

तुकडे परत मातीत गेले. मग बैठक भरली. साहेब माझ्या काठावर बसले होते. माझं चाक दबलेलं होतं आणि त्यांचा चेहराही.

"काकूंना सांगून टाकू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आत्ता? या अवस्थेत?" साहेब म्हणाले. "त्या काय त्या फुलाकडे डोळे लावून बसल्यात, तुम्हाला माहीत आहे. मी सांगतो काय करायचं. रोपवाटिकेत फुललेली मिळतात. लालच आणू. वेळ आली की लावून टाकू. काका बघतील, खूष होतील. काकूही खूष होतील. कोणाचं काय बिघडलं?"

"काकूंना कळेल."

"त्यांचं लक्ष काकांकडे असणार. फुलाकडे कोण बघतंय!"

मित्रांनो, हे सगळे चांगले लोक होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरबाईंनी सर्वांत शेवटी डोलावली, पण डोलावली.

काका दवाखान्यातून घरी आले ते घरीच ठेवायचं म्हणून. काकूंना त्यांच्यापासून हलता येत नव्हतं आणि त्यांच्या खिडकीसमोर आता साहेबांनी रचलेली खताची पोती होती. कंडक्टर जाता-येता दिसला की त्या विचारत, "आलं का रे?"

"येतंय काकू. मस्त येतंय."

"कळ्या?"

"धरल्यात."

एकदा त्या म्हणाल्या, "लवकर येऊ दे बाबा. ह्यांचं काही खरं नाही." त्या दिवशी कंडक्टर बागेत आला आणि मला उगाचच धूत बसला. मी स्वच्छच होते.

शेवटी साहेबांनी कुंड्या आणल्या. फुलं लाल होती, मोठी होती, डौलदारही होती. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांसकट ती मातीत पुरली, वरून चाळलेलं खत पसरलं, पाणी शिंपडलं. कंडक्टर गोधडी घेऊन काकांना आणायला गेला.

काका माझ्यात बसले तेव्हा मला वजनच जाणवलं नाही. मी विटा वाहिल्यात. हे तर वाळलेल्या पाल्याएवढं होतं. काकू शेजारून चालत होत्या, एक हात त्यांच्या पाठीला लावून. त्यांनी केस नीट बांधले होते. वाफ्यापाशी मला टेकवलं. सगळे थोडे मागे उभे राहिले. साहेबांनी टोपी काढली होती.

काका वाकले. फुलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, फुलांकडे नाही. तेवढं साहेबांचं बरोबर निघालं.

मग काकांनी मान वर केली. "छान आहे," ते म्हणाले. "कोणाचा वाफा?"

कंडक्टर वाकून गोधडी सारखी करायला लागला.

"तुमचाच, काका," कंडक्टर म्हणाला.

"असं? बरं."

 काकू सवयीने खाली वाकल्या. फुलाच्या बुडाशी गवताची एक काडी उगवली होती. ती उपटायला बोट मातीत घातलं आणि बोट अडकलं. त्यांनी माती बाजूला सारली. प्लास्टिकचा काठ दिसला. त्यांनी बोट काठावरून फिरवत नेलं, अख्खा गोल उघडा पडेपर्यंत.

"कोणी खणलं?"

"मी," साहेब म्हणाले. "पण काकू, अगदी चांगल्या मनाने. आणि नंतर तुम्हाला धक्का बसू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी—"

"बसला असता धक्का," काकू म्हणाल्या. त्या उठल्या नव्हत्या. "रडले असते. तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या. ह्यांना सांगितलं असतं, यंदा आलं नाही. झालं असतं." त्यांनी हाताची माती झटकली. "आता मला एवढंच सांगा साहेब. हे मला विसरले म्हणून बोलले नाहीत, की हे फूल आपलं नाही हे ह्यांना कळलं म्हणून बोलले नाहीत? हे मी कोणाला विचारू?"

साहेब हातातली टोपी नुसती फिरवत राहिले. फायलीवर शेरा मारायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

"काकू, खड्ड्यावर मीच नेलं," कंडक्टर म्हणाला. त्याचं नाक वाहत होतं.

"तू गाडी उचल. ह्यांना ऊन लागतंय."

परत जाताना काका माझ्यातून मागे वळून वळून बघत होते. "ही बाई का रडते?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यात माती गेली," काकू म्हणाल्या.

"बागेत जातेच," काका म्हणाले.

हे त्यांचं बागेतलं शेवटचं वाक्य. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. मंडळाने शोकसभा घेतली. साहेबांनी भाषण लिहून आणलं होतं, पण दोन ओळींनंतर खाली बसले. कोणीतरी त्याच कुंड्यांतली लाल फुलं तोडून फोटोपुढे ठेवली होती. डॉक्टरबाईंनी ती उचलून नेली.

मातीत परत पुरलेली मुळं जगली नाहीत. तशी एक-दोन जगतात वगैरे गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. ही कुजली.

काकू मधल्या काळात बागेत आल्या नाहीत. माझं चाक पुन्हा बसलं आणि ते कोणी पाहिलं नाही. पत्र्याला तळाशी भोक पडलं. मला वाटलं, आता पुढच्या साफसफाईत माझाही नंबर. जे सुकलेलं ते बाहेर.

थंडी पुन्हा सरली. खणायचा रविवार आला आणि काकू आल्या. खांद्यावर काकांचं फावडं. सगळ्यांचे हात थांबले. ते वर्ष डावीकडचं होतं, हे तेव्हा कुठे एकेकाच्या ध्यानात आलं. काकूंच्या वाट्याला साहेबांचा वाफा होता.

साहेब आपल्या वाफ्याच्या कडेला उभे होते. वरून वाफा रिकामा दिसत होता. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या.

"खणा काकू," साहेब म्हणाले. "काय हवं ते करा."

"इथे खाली काय काय आहे?"

"आहे की... म्हणजे कोपऱ्यात पुदिना असावा."

"असावा?"

"आणि पिवळं फूल येणारं काहीतरी मिसेसनी आणलं होतं."

"कुठे लावलं?"

साहेबांनी एका जागेकडे बोट दाखवलं. मग दुसरीकडे. मग बोट खाली आलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. बघता बघता बाकीचेही आपापल्या वाफ्यांकडे बघायला लागले होते, आणि चेहऱ्यांवरून दिसत होतं की त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. काकूंनी फावडं आणून माझ्या पत्र्यात आडवं ठेवलं.

"मग आज खणायचं नाही. वर येईल तेव्हा बघू."

"पण काकांचा नियम—" मागून कोणीतरी म्हणालं.

"ह्यांचा नियम मी मोडेन, नाहीतर लोणचं घालेन. तुम्ही आधी वाका आणि कुठे काय वर येतंय ते बघा."

डॉक्टरबाई आधी वाकल्या. त्यांनी बोटांनी पाला अलगद बाजूला केला आणि हिरडी तपासावी तशी माती चाचपली. मग कंडक्टर. मग एकेक करून सगळेच. साहेबांना गुडघे टेकायला वेळ लागला. सगळी बाग ओणवी झाली होती. काकू आपल्या रिकाम्या वाफ्यात बसून नुसतीच माती सारखी करत होत्या.

थोड्या वेळाने साहेबांचा आवाज आला. "काकू, इथे काहीतरी बारीक वर आलंय. हे काय आहे, जरा बघता का?"

काकू लगेच उठल्या नाहीत. साहेबांनीही दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तसेच बसून राहिले, दोन्ही हातांचा आडोसा त्या कोंबाभोवती धरून. मग काकू उठल्या आणि गेल्या.

मित्रांनो, माझं आता फार काही उरलेलं नाही. चाक बसलंय, तळ गळतो, आणि मला भंगारात दिलं तर माझी तक्रार असणार नाही. तुमच्याकडे मागायचं आहे ते वेगळंच. रिकामी जमीन दिसली, नुसती रोवलेली काटकी दिसली, तर फावडं घालण्याआधी ज्याची आहे त्याला विचारा. तो दवाखान्यात असला, तुम्हाला संकोच वाटला, तरी विचारा. आणि विचारायचं राहून गेलंच, हातून नुकसान झालंच, तर ते त्याला जसंच्या तसं दाखवा. त्याच्यावर फुलं लावू नका.